सोबत : हिरव्या काचेचा एक तुकडा

पाच आठवड्यांपूर्वीची गोष्ट. शाळेत तिसरा तास चालू होता, मुली शुद्धलेखन उतरवून घेत होत्या, आणि दारात कोणीतरी खाकरलं. पाहते तर बसप्पा. डोक्याला पटका, हातात चपला, आत यावं की नको अशा विचारात उंबऱ्याबाहेर उभा. "अक्का होद्रु, बाई," तो म्हणाला. अक्का गेल्या, म्हणजे माझी आत्या. मी फळ्यावरचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं, खडू ठेवला आणि मुलींना सांगितलं की उरलेलं आपापलं लिहा. अर्धं काही ठेवायचं नाही ही सवय मला आत्याचीच लागलेली. बांगड्या भरायला बसली की एक हात भरून दुसरा मोकळा ठेवून ती पाण्याचा घोटसुद्धा घेत नसे. म्हणायची, एक भरलेला आणि एक रिकामा हात बघवत नाही, तो अपशकुन आमच्या धंद्याला चालत नाही.

बसप्पा आमच्या घरचा कोणी नव्हे. हुबळीहून पलीकडच्या संस्थानात जाणाऱ्या एका रस्त्यावर बाभळनाका म्हणून लहानसा नाका होता, तिथला तो शिपाई. आता तिथून मोटारी न थांबता जातात, आणि आणखी दहा वर्षांनी तिथे काही होतं हे कोणाला सांगून पटायचं नाही. एक ओढा, ओढ्यावर फरशी, फरशीच्या पलीकडच्या तोंडाला दोन दगडी खांब आणि त्यांवर आडवा बांबू. बांबूच्या एका टोकाला दगड बांधलेला, दुसऱ्या टोकाला दोरी. शेजारी कौलारू खोली, खोलीपुढच्या पडवीत मेज, मेजावर शाईची दौत, शिक्का आणि कागदावर रेघा मारायचा काळा शिसवी रूळ. ओढ्याच्या अलीकडे इंग्रज सरकारचा मुलूख, पलीकडे संस्थान. पाणी एकच, बाभळी दोन्ही काठांवर सारख्याच, अलीकडच्या लेकी पलीकडे दिलेल्या. तरी मध्ये तो बांबू होता, आणि बांबूमागे नाकेदार होता. नाकेदाराचं नाव मी इथे लिहीत नाही. संपादकांची तशी अट आहे आणि ती मी पाळते. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ते स्वतः हे पान दर आठवड्याला वाचतात, असं मला खात्रीनं ठाऊक आहे.

आम्ही कमरीपेठेतले कासार. माझ्या आधी आमच्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, पुरुषांपैकीही नाही. हे मी नम्रतेनं वगैरे सांगत नाही, चांगल्या अभिमानानं सांगते, कारण या गोष्टीत त्याचं काम पडणार आहे. चंद्राआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला सगळी हुबळी बळेगार अक्का म्हणायची, म्हणजे बांगडीवाली अक्का. डोक्यावर पाटी घेऊन ती बाजारच्या दिवशी नाक्यापलीकडच्या पेठेत जाई. कोणाचाही हात लांबून पाहून माप सांगे. रस्त्यानं चाललेल्या बाईकडे बघून पुटपुटायची, "सव्वादोनची आहे, पण अडीचच्या मागते, मिरवायला." हात भरताना तिचं बोलणं एकसारखं चालू असे... "हात सैल सोड ग. तू घाबरलीस तर हात घाबरतो, हात घाबरला की काच घाबरते." आणि बोलता बोलता बांगडी मनगटावर गेलेली असे. हात चेपायची तिची तऱ्हा अशी की बाळंतिणीच्या सुजऱ्या हातांनाही लागलं म्हणून कोणी ओरडल्याचं मी ऐकलं नाही.

आता एक गोष्ट मी लपवणार नाही, कारण तीही कधी लपवत नव्हती. नाक्यावर विकायच्या मालावर जकात होती, अंगावरच्या दागिन्यावर नव्हती. तेव्हा आमच्या पेठेतल्या बायका काय करायच्या, पाटीत थोड्या बांगड्या ठेवायच्या आणि उरलेल्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत चढवून बांबूखालून जायच्या. पलीकडे गेलं की ओढ्याकाठी बसून उतरवायच्या आणि विकायच्या. चोरी होती? होती. वर्षानुवर्षं सगळ्या करत होत्या, शिपायांना माहीत होतं, आधीच्या नाकेदारांना माहीत होतं. मग हे नवे नाकेदार आले. हुशार माणूस. त्यांनी आल्या आल्या नियम काढला, की हातातून निघते ती बांगडी माल आणि निघत नाही ती दागिना. नियम वाईट नव्हता. मी आज शिकलेल्या डोक्यानं विचार करते तरी मला त्यात खोट दिसत नाही. म्हणूनच पुढचं जास्त झोंबतं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मी तेव्हा रांगत होते. पण ही हकीकत मी इतक्यांच्या तोंडून, इतक्या वेळा ऐकली आहे की त्या पडवीत मी स्वतः उभी होते असं वाटतं. पंचमीसाठी पलीकडच्या गावांतून बांगड्यांना मागणी फार. आत्याच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत माल. मागे बाजारकऱ्यांची रांग. नाकेदार म्हणाले, "एवढ्या बांगड्या कशाला?"

"हौसेच्या आहेत, साहेब."

"कोपरापर्यंत हौस?"

"नवरा आहे की माझा. हौस कोपरापर्यंत गेली तर कुणाचं काय जातं?"

रांग हसली. नाकेदार म्हणाले, उतरव. तिनं उतरवल्या, सैल होत्या, भराभर निघाल्या, सगळ्या मेजावर मांडल्या. मोजा साहेब, म्हणाली, आणि लावा जकात. शेवटी उरल्या तिच्या स्वतःच्या आठ, एकेका हातात चार, हिरव्या. नाकेदार म्हणाले, त्याही. ती म्हणाली, ह्या माझ्या, निघत नाहीत. ते म्हणाले, ओढून दाखव. तिनं सगळ्यांदेखत ओढून दाखवल्या, हात लाल होईपर्यंत. निघाल्या नाहीत. त्यांच्याच नियमानं तो दागिना ठरला. तिथे संपायला हवं होतं. पण आत्याची जीभ... ती म्हणाली, "झालं समाधान? का घरी बाईसाहेबांच्याही रोज अशाच ओढून बघता?"

रांग पुन्हा हसली. या वेळी जरा मोठ्यानं. नाकेदारांनी तिचा उजवा हात मेजावर दाबला आणि काळा रूळ उचलून मारला. चार बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं. हसणं थांबलं. आता हा पहिला फटका रागाचा होता असं मी धरून चालते. माणूस आहे, चारचौघांत हसं झालं, हात उठला. पण त्यानंतर ते खुर्चीवर नीट बसले. रूळ पुसला. आणि म्हणाले, "तो हात दे."

तिनं दिला. का दिला, हे मी तिला अनेकदा विचारलं. ती म्हणायची, "मला कळलंच नाही ग. आपल्याला कुणी 'तो हात दे' म्हटलं की द्यायचीच सवय नाही का? दिवसभर आपण तेच म्हणतो बायकांना."

दुसऱ्या हातातल्याही चार फुटल्या. नाकेदारांनी एक कागद लिहून तिच्या पुढ्यात टाकला : तपासणीत माल फुटला, फुटलेल्या मालावर जकात माफ. खाली सही, लांब शेपटाची. आत्यानं पदरात तुकडे वेचून घेतले, कागद घेतला आणि उघड्या हातांनी हुबळीला परत आली.

ज्यांना आपल्याकडची रीत ठाऊक आहे त्यांना मी काय सांगू. नवरा जिवंत असताना बाईच्या दोन्ही हातांतल्या बांगड्या दुसऱ्या कोणी फोडायच्या म्हणजे काय! आमच्यात 'फुटली' हा शब्दसुद्धा उच्चारत नाहीत, वाढवली म्हणतात. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, सरकीच्या गिरणीत कामाला होते आणि दोन वर्षं छातीनं आजारी होते. दसऱ्याला ते गेले. बांगड्या फुटल्या नसत्या तरी ते गेलेच असते, हे मी जाणते. कापसाची धूळ छातीत जाऊन काय होतं ते मी वाचलं आहे. पण पेठेला कोण सांगणार? बायका म्हणाल्या, नाक्यावर चुडा गेला आणि मागोमाग चुड्याचा धनी गेला. हिच्या हातच्या बांगड्या नकोत. एका पावसाळ्यात तिचा नवरा गेला, धंदा गेला, नाव गेलं. त्यातलं पहिलं नाकेदारांच्या माथी मारायला मी तयार नाही. उरलेली दोन मारते.

आत्या हुबळीच्या कचेरीत गेली. अर्ज लिहून देणारे एक गृहस्थ कचेरीबाहेर झाडाखाली बसत. तिनं सांगितलं आणि त्यांनी लिहिलं. उत्तर आलं, घटना परक्या हद्दीतली आहे. मग ती संस्थानच्या कचेरीत गेली. तिथे सांगितलं, अर्जदार परक्या हद्दीतली आहे. ओढ्याच्या या काठाला गुन्हा नव्हता आणि त्या काठाला फिर्यादी नव्हती... बांबूच्या रुंदीएवढी जागा होती, तेवढ्यात हे घडलं होतं आणि तेवढ्या जागेला मालक नव्हता.

पण तिला खरं लागलं ते निराळंच. एका शेजाऱ्यानं तो अर्ज तिला वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, 'तपासणीच्या वेळी अनवधानाने बांगड्यांस धक्का लागून...' आत्या म्हणाली, "दुसरा हात मागून घेतला, ते कुठं आहे?" ते नव्हतंच. लिहिणाऱ्यानं सांगितलं, बाई, असं लिहिलं तर साहेबलोक चिडतात. आत्या त्याला म्हणाली, "मग चिडायला आणखी कधी मुहूर्त धरायचा?" आणि त्याच दिवशी घरी येऊन माझ्या वडिलांना सांगितलं, ही पोरगी शिकणार. वडील म्हणाले, पोरीला शिकवून काय करतीस? ती म्हणाली, "माझं वाक्य लिहून घेईन."

मी दीड वर्षाची होते. माझ्या शिक्षणाचा पाया असा घातला गेला. इतरांच्या घरी मुली सुधारणेसाठी शिकल्या असतील, नोकरीसाठी, चांगलं स्थळ यावं म्हणून शिकल्या असतील. मी सूड म्हणून शिकले, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

चौथीत गेल्यावर पहिला अर्ज मी लिहिला. अक्षर गिरवल्यासारखं, ओळी चढत गेलेल्या. आत्या समोर बसून सांगत होती. शेवटी मी शाळेत शिकवल्याप्रमाणे 'कृपेची विनंती' लिहायला लागले तर तिनं माझा हात धरला. "विनंती कुणाला? हे काय हळदीकुंकू आहे?" मग मी लिहिलं, 'दुसरा हात त्यांनी मागून घेतला. कळावे.' अर्जाला तिनं सुईदोऱ्यानं एक हिरवा काचेचा तुकडा शिवला आणि मला खाली लिहायला लावलं : सोबत काचेचा एक तुकडा. पदरात वेचून आणलेले तुकडे तिनं पितळेच्या एका डबीत ठेवले होते, नाकेदारांच्या सहीचा तो कागद तळाशी. दर पंचमीनंतर एक अर्ज, दर अर्जासोबत एक तुकडा. कधी हुबळीला, कधी संस्थानात. उत्तरं यायची तीच. माझं अक्षर सुधारत गेलं, भाषा सुधारत गेली, ते एक वाक्य तसंच राहिलं.

मधल्या काळात तिनं दुसरंही काम चालवलं होतं. नाकेदारांचा नियम तिनं पाठ केला होता : हातातली निघत नाही ती बांगडी दागिना. ठीक. बाजारच्या दिवशी ती ओढ्याच्या अलीकडे, बांबू समोर दिसेल अशी, बाभळीखाली पाटी मांडून बसू लागली. तिच्या हातच्या नकोत म्हणणाऱ्या बायकांसाठी माझ्या आईला शेजारी बसवी. भरायची आई, पाटीतून काढून द्यायची आत्या. पलीकडच्या गावांतल्या बायका रिकाम्या हातांनी फरशी ओलांडून अलीकडे येत, घट्ट मापाच्या बांगड्या भरून घेत आणि नाकेदारांसमोरून हात नाचवत परत जात. ओढा की, बघा निघते का! कोणा पाटलाच्या सुनेचा हात मेजावर दाबायची त्यांची छाती नव्हती. हळूहळू कमरीपेठेतल्या सगळ्यांनीच बांबूखालून जायचं सोडलं. नाक्यावरून बांगडीचा माल जाणं बंद झालं आणि बांगड्या मात्र रोज जात होत्या. येणारी प्रत्येक बाई विचारायची, अक्का, उन्हात इथं का बसलीयास? आणि अक्का सांगायची. प्रत्येकीला, पहिल्यापासून, बांगडी भरेपर्यंत. दोन्ही काठांना असं एक घर उरलं नाही जिथे 'तो हात दे' हे ठाऊक नव्हतं. पोरं नाकेदारांना पाठमोरं बघून तेच ओरडून पळायची.

मग त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. मी मॅट्रिकच्या वर्गात होते, सुटी होती, म्हणून तिथे होते; हे मी डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते आहे. चुड्यासाठी कासार घरी बोलवायचा असतो. बसप्पाला हुबळीला धाडलं. आमच्या पेठेतल्या वडीलधाऱ्यांनी उत्तर दिलं, आमची पाटी बांबूखालून जात नाही, मुलीला अलीकडे आणा. दोन दिवस मानापमानात गेले. तिसऱ्या दिवशी बाईसाहेब स्वतः मुलीला घेऊन फरशी ओलांडून आल्या. मागे करवल्या, पाहुणे, बाजारची गर्दी. मुलीचं नाव कुसुम. सोळा वर्षांची, हळदीचे हात, कोणाकडे बघावं ते तिला कळत नव्हतं. आत्यानं तिला चटईवर बसवलं, हात पाहिला, म्हणाली, "सव्वादोन. चांगला मऊ हात आहे ग." आई भरू लागली, आत्या पाटीतून एकेक हिरवी काढून देऊ लागली. उजवा हात भरला. आईनं डाव्यासाठी हात पुढे केला तर आत्यानं पाटीवर फडकं टाकलं.

"थांब वैनी."

एक हात भरलेला, एक रिकामा. जन्मात तिनं असं केलं नव्हतं. आई हळूच म्हणाली, "अक्का, पोरीचा काय दोष?"

"काही नाही. म्हणून तर उजवा भरला." मग बाईसाहेबांकडे वळून, अगदी सरळ आवाजात, "हा दुसरा हात हिच्या वडिलांना मागू दे."

बाईसाहेबांना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की त्यांना फार दिवसांपासून ठाऊक होतं. पाहुण्यांपैकी एकजण तावातावानं बोलायला लागला, मुहूर्ताचं काय, ही काय दांडगाई; पण गर्दीतून कोणी हसलंही नाही आणि कोणी हललंही नाही. अर्ध्या चुड्यानं नवरी परत नेता येत नाही, हे आत्याला जितकं माहीत होतं तितकंच त्यांनाही. पडवीत नाकेदार उभे होते. ते बांबूपर्यंत आले. बसप्पानं दोरी ओढून बांबू वर केला. ते खालून अलीकडे आले, फरशीवरून, चटईपर्यंत. आत्या बसूनच राहिली. तिनं तिचे उघडे हात मांडीवर पालथे ठेवले होते.

"बोला, साहेब. तुम्हाला येतं ते."

त्यांनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा बाईसाहेबांकडे. मग मुलीकडे न बघता म्हणाले, "तो हात दे."

कुसुमनं हात पुढे केला. आत्यानं फडकं काढलं आणि आईला पहिली बांगडी दिली. डावा हात भरेपर्यंत नाकेदार तिथेच उभे होते. जा म्हणून त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बांगड्या भरून झाल्यावर कुसुमनं सगळ्या मोठ्यांना नमस्कार केला, आईला, आत्यालाही. वडिलांपाशी आली आणि नुसती उभी राहिली. मग बांबूखालून निघून गेली.

परत येताना मी आत्याला विचारलं, झाला का ग सूड आता? ती म्हणाली, "अर्धा. तोंडानं बोलला. लिहून कुठं दिलंय?" लिहिता वाचता न येणाऱ्या माणसाची कागदावर किती श्रद्धा असते, हे आपल्यासारख्यांना कळायचं नाही.

पुढे मी धारवाडला कॉलेजात गेले आणि अर्ज इंग्रजीत जाऊ लागले. बी.ए. झाल्याचं कळलं तेव्हा मी कागद घेऊन धावत कमरीपेठेत गेले. आत्यानं माझी दृष्ट काढली, तोंडात गूळ घातला आणि विचारलं, "आता लिहितीस तो कागद मोठ्या साहेबाला नाकारता येईल?" मी म्हटलं, नाही. मला तसं खरंच वाटत होतं.

स्वातंत्र्य आलं. संस्थान विलीन झालं. एका सकाळी बसप्पानं बांबूची दोरी सोडली ती पुन्हा बांधलीच नाही. बांबू कोणीतरी मांडवाला नेला. आता हद्द एकच होती. मी जन्मात लिहिला नसेल इतका चांगला अर्ज लिहिला. सबबी संपल्या होत्या. तीन महिन्यांनी उत्तर आलं : सदर नाका अस्तित्वात नसल्यामुळे प्रकरण दप्तरदाखल करण्यात येत आहे. मी वाचून दाखवलं. आत्यानं विचारलं, म्हणजे काय? मी सांगितलं. ती थोडा वेळ स्वतःच्या मनगटांकडे बघत बसली. उजव्यावर एक पांढरा वण होता. म्हणाली, "नाका नाही. हात आहेत की." त्यानंतर तिनं कागदाचं नाव काढलं नाही. वर्षभरात गेली.

त्या दिवशी बसप्पाबरोबर मी हुबळीला निघाले. गाडीत तो समोर बसला होता. इतकी वर्षं प्रत्येक अर्जात आम्ही त्याचं नाव साक्षीदार म्हणून घातलं आणि प्रत्येक वेळी त्यानं सांगितलं, मी दोरी धरली होती, माझं तिकडे लक्ष नव्हतं. वाटेत केव्हातरी तो एकदम म्हणाला, "खरं आहे, बाई. मागून घेतला. आधी रूळ पुसला. मी बघितलं." मी म्हटलं, हे आत्याला सांगायचं होतंस. तो म्हणाला, "पोट होतं." मी त्याच्या बाटलीत स्टेशनावर पाणी भरून दिलं. क्षमा दिली नाही. जिच्याकडे मागायची होती ती समोर राहिली नव्हती, आणि मी वारसाहक्कानं सगळंच घेतलेलं नाही.

दहाव्या दिवसानंतर एक बाई भेटायला आल्या. कोप्पीकर रोडच्या मागे राहतात, दोन मुलं आहेत. ओळख द्यायला लागल्या तर मी म्हटलं, सव्वादोन. त्या थोडं हसल्या, मग रडल्या. कुसुम. जाताना मी त्यांना एवढंच विचारलं की तुमचे वडील हल्ली कुठे असतात? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. का, असं विचारलं नाही. माझ्याकडून कागद मागून घेतला आणि स्वतःच्या हातानं पत्ता लिहून दिला. केलगेरीजवळ बंगला आहे. तळ्यावर फिरायला जातात. शेजारीपाजारी त्यांना अप्पा म्हणतात, पोरं पाया पडतात.

डबीत एकच तुकडा उरला होता. मी कोऱ्या कागदावर लिहिलं, 'दुसरा हात तुम्ही मागून घेतलात.' त्याखाली, सोबत हिरव्या काचेचा एक तुकडा. तुकडा शिवला, आत्यासारखे टाके मला येत नाहीत, पण बसला. विनंती लिहिली नाही. मायना लिहिला नाही. पाकीट रजिस्टर केलं आणि पोचेचे पैसे भरले.

मागच्या सोमवारी पोच आली. ज्या कोणाला सुडाचं बोलणं आवडत नाही त्यांनी इथे वाचायचं थांबवावं, मला चालेल. मी ती पोच घेऊन कमरीपेठेत गेले, आत्याच्या खोलीत, फळीवरून डबी काढली. तळाशी तो जुना कागद होता, तपासणीत माल फुटला. घड्यांवर फाटत आलेला. त्यावर मी ही पोच ठेवली. आत्याला अक्षर येत नव्हतं, पण एक सही तिला कुठेही ओळखता आली असती. दोन्ही कागदांवर तीच आहे, लांब शेपटाची. वर छापलंय, वस्तू मिळाली.